चौथा खूर

६ जानेवारी, सोमवार

ही वही हिने दिली. तिला ती दोऱ्याच्या दुकानातून नव्या वर्षाची भेट म्हणून मिळाली, म्हणून प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात एक रीळ छापलेलं आहे. हातात देताना म्हणाली, "अहो, दिवसभर मला जे जे सांगता ना, ते सगळं हिला सांगा. हिला शिवणाची घाई नसते." ही घरी कपडे शिवते. मशीन चालू असताना मी बोललो की तिची टीप वाकडी जाते, असा तिचा आरोप आहे. तीन वर्षांपूर्वी मी निवृत्त झालो, तेव्हापासूनच्या सगळ्या वाकड्या टिपा माझ्या नावावर आहेत.

तर वहीबाई, ओळख करून देतो. मी चौतीस वर्षं एका कारखान्यात भोकं पाडली. पंपांची झाकणं, गिअरच्या पेट्या, पट्ट्या, जे समोर येईल त्याला. शेवटची अकरा वर्षं तपासणी विभागात होतो, म्हणजे दुसऱ्यांनी पाडलेली भोकं बाद करत होतो. बारा-तेरा लाख तरी माझ्या हाताखालून गेली असतील. इतक्या वर्षांत एकाही माणसाने एखादं भोक बघून "वा, हे कुणी पाडलं?" असं विचारलं नाही. लोक भोकात स्क्रू घालतात आणि विसरून जातात. याचं मला फार वाईट वाटतं, आणि हे मी आज पहिल्यांदाच कुठेतरी लिहिलं.

आज स्वयंपाकघरातल्या कपाटाचं दार निखळलं म्हणून जुन्या बाजारात बिजागरी आणायला गेलो होतो. तिथे एका चादरीवर तांब्याचं झिजलेलं नाणं पडलं होतं, कडेला भोक असलेलं. विकणारा म्हणाला, "ते भोकाचं आहे काका, त्याला कोण विचारतंय, असंच न्या." मी उचललं आणि जागीच थांबलो. आधी एका बाजूने खिळा ठोकलेला, मग नाणं उलटं करून दुसऱ्या बाजूने, आणि नंतर कुणीतरी धीराने कानस फिरवून कड गुळगुळीत केलेली. गळ्यात घालणाऱ्याला बोचू नये म्हणून एवढी मेहनत. नाणं कुठल्या काळातलं, कुठल्या राजाचं, मला काही कळलं नाही. भोकाचं मात्र सगळं कळलं.

बिजागरी राहिली.

१० जानेवारी, शुक्रवार

चौदा झाली. बाजारातले सगळे लोक आपापली भोकाची नाणी माझ्यासाठी बाजूला काढून ठेवतात आणि देताना एकमेकांकडे बघून हसतात. हसू देत.

हिच्या बटणांच्या डब्यात वरचा कप्पा रिकामा होता तो मी घेतला. (ती म्हणते रिकामा नव्हता.) नाणी भोकाच्या व्यासाप्रमाणे लावली. व्हर्नियर कॅलिपर पुन्हा हातात धरला तेव्हा बोटं आपोआप योग्य जागी गेली. एका नाण्याला समोरासमोर दोन भोकं आहेत, ते बटणासारखं कपड्यावर टाकलेलं असणार. एकाला कुणीतरी वॉशर म्हणून वापरलेलं आहे. त्याच्यावर माझा विशेष जीव बसला आहे.

हिने डब्यात डोकावून विचारलं, "हे सगळे राजे तिरके का पडलेत? हा तर झोपलाय."

"भोक वर हवं," मी म्हणालो. "नाणं गळ्यात तसंच लोंबत होतं."

"आणि राजा?"

"राजाचं मी काय करू?"

ती मशीनकडे परत गेली. कपाटाचं दार तिने सुतळीने बांधलं आहे.

१४ जानेवारी, मंगळवार

इथे नाणेसंग्राहकांचं एक मंडळ आहे, हे मला साठ वर्षांत माहीत नव्हतं. वाचनालयाच्या मागच्या खोलीत दर मंगळवारी संध्याकाळी जमतात. आज डबा घेऊन गेलो. अकरा माणसं होती, त्यातले नऊ चष्मेवाले. अध्यक्ष म्हणजे आपल्या चौकातले दातांचे डॉक्टर. पंचवीस वर्षं तेच अध्यक्ष आहेत, कारण खोलीची किल्ली त्यांच्याकडे असते.

त्यांनी माझा डबा उघडला, बघितलं, आणि झाकण असं लावलं की जणू आत उंदीर होता. म्हणाले, "भोक पडलं की नाणं मेलं, साहेब. आम्ही मेलेली नाणी बघत नाही."

मी म्हणालो, "डॉक्टर, तुम्ही दिवसभर भोकंच बघता."

सगळे हसले. ते हसले नाहीत. मला वाटतं त्यांना विनोद आवडत नाही.

९ मार्चला मंडळाचं मोठं प्रदर्शन आहे. बाहेरगावाहून परीक्षक येणार, उत्कृष्ट नाण्याला मानचिन्ह. अध्यक्ष या वेळी असं एक नाणं मांडणार आहेत जे अजून कुणी पाहिलेलं नाही. मी एक टेबल मागितलं. नाही म्हणाले. चिटणीस मला पायरीपर्यंत सोडायला आले आणि प्रेमाने म्हणाले, "येत जा हो, भोकशास्त्री." नाव पडलं वाटतं.

पण वहीबाई, मला ते टेबल हवं आहे. चार माणसांनी वाकून एखादं भोक बघावं आणि मला विचारावं, एवढंच. मग पुन्हा काही मागणार नाही.

२१ जानेवारी, मंगळवार

उजवीकडची खालची दाढ दोन दिवस ठणकत होती. जवळ दुसरा दातांचा डॉक्टर नाही, म्हणून स्वाभिमान गिळून अध्यक्षांकडेच गेलो. म्हटलं, खुर्चीत बसल्या बसल्या टेबलाचा विषय काढू.

दवाखाना त्यांच्या घराच्याच पुढच्या खोलीत आहे. बाहेरच्या बाकावर त्यांची आई बसलेली असते. वय पंच्याऐंशीच्या पुढे. सारखा गळ्याशी हात नेते, काहीतरी चाचपते आणि हात खाली घेते. मला म्हणाली, "माझा घोडा पाहिलात का?"

मी म्हणालो, "आजी, आता रस्त्यावर घोडे फिरत नाहीत."

"नाहीत?" म्हणाली, आणि तिचे डोळे भरून आले. मला कसंतरी झालं. म्हातारपण वाईट. कुठल्या काळातला घोडा आठवत असेल कोण जाणे.

खुर्चीत मात्र माझा डाव फसला. मी टेबलाचं बोलायला तोंड उघडलं की ते त्यात कापूस घालत. सगळं बोलणं त्यांनीच केलं. ड्रिल चालवताना त्यांचा हात बघत होतो. खरं सांगतो, हात सुरेख आहे. मध्येच त्यांनी ड्रिल थांबवून सहज विचारलं, "काय हो, एखादं भोक कुणी व्यवस्थित बुजवलं, वरून घासून पुसून सारखं केलं, तर तुम्हाला ओळखता येईल?"

मी कापूस काढून सांगितलं, "डोळे मिटून. नुसतं नख फिरवून सांगेन."

त्यांनी ड्रिल जागेवर ठेवलं, पुन्हा उचललं. मग माझी दाढ भरली आणि फी घेतली नाही. कितीही आग्रह केला तरी नाही. माणूस वरून कडक आहे, आतून लोण्यासारखा.

२४ जानेवारी, शुक्रवार

मंडळाचं पत्र आलं. "आपल्या टेबलाच्या विनंतीचा विचार करणे शक्य नाही." खाली अध्यक्षांची सही. लोण्याबद्दलचं वाक्य मागे घेतो.

ही आज डॉक्टरांकडे गेली होती, आजींचे गाऊन शिवायचे आहेत म्हणून मापं घ्यायला. आल्यावर सांगत होती, "अहो, त्यांच्या गळ्यावर दोऱ्याचा वळ आहे, जुना. वर्षानुवर्षं काहीतरी घातलेलं असणार. डॉक्टरांना विचारलं, तर म्हणाले दुरुस्तीला दिलंय. चेहरा कसा झाला होता त्यांचा!"

मी म्हणालो, "चेन असेल." मला पत्राचा राग आला होता, त्यामुळे बाकीचं ऐकलं नाही.

३० जानेवारी, गुरुवार

जुन्या बाजारात आज माझ्यासाठी एकदम बावीस नाणी काढून ठेवलेली होती. चादरवाला म्हणाला, "काका, एका जुन्या घरात गाडगं सापडलं. दोनशे वर्षांपूर्वीची भोकं आहेत."

मी एक उचललं. भोकाच्या कडेला उठलेली कड अजून तशीच होती, बोट कापेल अशी. आतली भिंत लखलखीत. बावीसही भोकं चार मिलिमीटर, एकाच ड्रिलच्या बिटची, आणि बिटच्या टोकाची एक धार तुटलेली. मी म्हणालो, "यांचं वय तीन दिवस. आणि बिट बदला, नाहीतर मोटर जळेल."

त्याने चादरीखालून ड्रिल काढून दाखवलं. धार खरंच तुटलेली होती. मग त्याने चहा मागवला आणि आम्ही अर्धा तास बिटला धार कशी लावायची यावर बोललो. एवढा चांगला गेलेला दिवस आठवत नाही.

घरी आल्यावर मात्र वाईट वाटलं. माझ्या हौसेपायी बावीस धडधाकट नाणी भोसकली गेली. त्याला सांगून आलो आहे की पुन्हा असं केलंस तर तुझ्या चादरीकडे फिरकणार नाही.

५ फेब्रुवारी, बुधवार

एका नाण्याने डोक्याला ताप दिला आहे. चांदीचं, राणीचा मुखडा, आणि भोक थेट हनुवटीखाली. म्हणजे गळ्यात घातलं की राणी उलटी लोंबणार. इतकं स्वच्छ भोक पाडणारा माणूस जागा चुकेल कसा? दोन दिवस त्याला मनातल्या मनात गाढव म्हणत होतो.

आज सून हॉस्पिटलातून कामावरून आली. ती नर्स आहे. अंगावर तो पांढरा कोट तसाच, खिशाशी घड्याळ लटकलेलं, नेहमीसारखं उलटं. सात वर्षं मी ते बघतोय. आज विचारलं, "अगं, घड्याळ उलटं का लावतेस?"

"बाबा, उलटं तुम्हाला. मी खाली मान घालून उचललं की मला सरळच दिसतं."

मी तिथल्या तिथे राणी दोऱ्यात ओवली, गळ्यात घातली, मान खाली घातली आणि नाणं उचललं. राणी सरळ! माझ्याकडे बघत होती!

म्हणजे हे भोक लोकांना दाखवायला पाडलेलंच नाही. घालणाऱ्याला स्वतःला बघता यावं म्हणून पाडलं. एकटं असताना उचलायचं, बघायचं आणि परत सोडायचं. मला भरून आलं. सुनेने विचारलं, "बाबा, तुम्ही गळ्यात काय घातलंय?" आणि उत्तराची वाट न बघता हात धुवायला गेली.

११ फेब्रुवारी, मंगळवार

टेबल मिळालं!

चिटणिसांनी बैठकीत विषय काढला. म्हणाले, दरवर्षी तीच नाणी बघून लोक कंटाळतात, मागच्या वर्षी एक पाहुणा खुर्चीत घोरत होता. मत घेतलं. नऊ विरुद्ध एक. माझं टेबल चपलांच्या रॅकशेजारी आहे, पण येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला तिथे थांबावंच लागेल, एका पायावर का होईना.

अध्यक्षांनी अट घातली: मी भिंग घेऊन दुसऱ्यांच्या टेबलांकडे जायचं नाही. स्वच्छतेचं कारण असावं. डॉक्टर माणूस.

मग त्यांनी आपलं ते न पाहिलेलं नाणं सगळ्यांना लांबून दाखवलं, काचेच्या पेटीतून. चांदीचं, फार दुर्मिळ साल म्हणे. सगळे आ वासून बघत होते. त्यावर कसलंसं चार पायांचं जनावर आहे. भोक नसल्यामुळे बघण्यासारखं काही नव्हतं.

२० फेब्रुवारी, गुरुवार

डॉक्टरांनी पुन्हा बोलावून दात तपासले. महिन्याभरातली ही तिसरी वेळ, तीही फुकट. म्हणाले, "तुमची अक्कलदाढ काढायला हवी. ९ मार्चला सकाळी या. नंतर दोन दिवस बोलायचं नाही, हिंडायचं नाही."

मी म्हणालो, "९ मार्चला प्रदर्शन आहे, तुमचंच. आणि अक्कलदाढ माझी एकोणीस वर्षांपूर्वी काढून झाली."

घरी हिला सांगितलं. ती मशीन न थांबवता म्हणाली, "त्याचे परिणाम आम्ही बघतोच आहोत."

बाहेर पडताना आजी बाकावर होत्या. आज घोड्याचं विचारलं नाही. नुसता हात गळ्याशी नेला, खाली घेतला, पुन्हा नेला. डॉक्टर दारात उभे राहून ते बघत होते. मी निरोप घेतला तरी त्यांचं लक्ष नव्हतं.

८ मार्च, शनिवार

उद्या. एकेचाळीस नाणी, काळ्या कापडावर. कापड हिने शिवून दिलं, प्रत्येक नाण्याला छोटा दोरा टाकून, म्हणजे नाणी जशी गळ्यात असतात तशीच लटकतील. मी मागितलं नव्हतं. म्हणाली, "शेवटी लोकांनी बघायला हवं ना," आणि लगेच ओरडली की कपाटाचं दार आता सुतळीसकट खाली आलंय.

चिठ्ठ्या मी लिहिल्या. "क्रमांक ७: खिळ्याने, दोन बाजूंनी, घाईत. क्रमांक १२: हातड्रिल, माणूस डावखुरा. क्रमांक ३०: स्वतःला बघण्यासाठी." साल-बिल लिहिलेलं नाही. ज्याला साल हवं त्याने दुसरं टेबल बघावं.

९ मार्च, रविवार

सगळं क्रमाने लिहितो, नाहीतर काहीतरी सुटेल.

सकाळी दहापासून गर्दी. चपला काढताना लोक थांबत, वाकत आणि वाकलेलेच राहत. एका बाईंनी विचारलं, "हे दोन भोकांचं कशाला?" मी सांगितलं. मग तिने नवऱ्याला बोलावलं, त्याने भावाला. रॅकपाशी इतकी गर्दी झाली की लोकांच्या चपलांची अदलाबदल झाली. मी बोलत होतो, घसा बसेपर्यंत. चौतीस वर्षांचं सगळं एका सकाळी विचारून घेतलं लोकांनी.

बारा वाजता परीक्षक आले. बुटके, शांत गृहस्थ. माझ्या टेबलापाशी बराच वेळ थांबले, क्रमांक ३० स्वतःच्या छातीशी धरून बघितलं आणि माझ्याकडे बघून मान डोलावली. मग पुढे गेले. शेवटी अध्यक्षांच्या काचेच्या पेटीपाशी पोचले. तिथे थांबले. नाणं बाहेर काढायला लावलं. फिरवलं. पुन्हा फिरवलं. मग खोलीच्या या टोकाला मला हाक मारली, "तुम्ही जरा इकडे येता का? यात मला काहीतरी खटकतंय, पण बोट ठेवता येत नाहीये. तुमची नजर वेगळी आहे."

मी अध्यक्षांकडे बघून म्हणालो, "मला भिंग घेऊन इकडे यायची परवानगी नाही."

"माझी आहे," परीक्षक म्हणाले.

भिंग लावलं. घोडा होता. धावणारा, मानेचे केस उडालेले. घोडा! वहीबाई, महिन्यापूर्वी माझ्या डोळ्यांसमोर धरलेलं नाणं, आणि त्यावर घोडा आहे हे मला आज दिसलं. मी अजून घोड्यापाशीच होतो, तेवढ्यात नजर खाली गेली. तीन पायांचे खूर झिजलेले, जुने. मागच्या पायाचा खूर मात्र नवा होता. त्याच्याभोवती केसाएवढी गोल रेघ. नख फिरवायचीही गरज नव्हती. तीन मिलिमीटरचं भोक, चांदी भरून बुजवलेलं, वर नवा खूर कोरलेला. काम इतकं सुबक की मनात आधी शाबासकी आली. फक्त एक चूक होती. त्या खुराला मध्ये खाच होती आणि चार कोपऱ्यांना चार उंचवटे. ती दाढ होती. ज्या हाताने आयुष्यभर दाढा भरल्या, त्याने घोड्यालाही दाढच बसवली होती.

आणि भोक होतं तळाशी. म्हणजे घोडा बाकीच्यांना उलटा. स्वतःला बघण्यासाठी.

मी मान वर केली. अध्यक्ष समोर उभे होते, तोंड उघडं, अगदी त्यांच्या खुर्चीत पेशंट बसतो तसे. त्यांच्या मागे पहिल्या रांगेत, चाकाच्या खुर्चीत, त्यांची आई होती. हिने शिवलेला नवा गाऊन घालून. हात गळ्याशी.

तपासणी विभागात अकरा वर्षं मी एकही सदोष जॉब पास केला नाही. एकदा साहेबाच्या मेहुण्याचा अख्खा ट्रक परत पाठवला होता. "पास" म्हणायला माझी जीभ वळत नाही. आणि "बाद" म्हणालो असतो तर त्या माणसाने पुन्हा कधी चौकात मान वर केली नसती. त्याने दीड महिना मला छळलं, हे मला आता कळलं होतं. तरीही.

परीक्षकांनी विचारलं, "काय?"

मी म्हणालो, "साहेब, हे नाणं चुकून इकडे आलंय. हे माझ्या टेबलावरचं आहे."

कुणाला काही कळेना. परीक्षकांनी माझ्याकडे बघितलं, नाण्याकडे बघितलं, मग अध्यक्षांकडे. अध्यक्षांनी तोंड मिटलं. सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "हो. त्यांच्याच टेबलावरचं आहे." आणि स्वतः उचलून, अख्खी खोली ओलांडून, चपलांच्या रॅकपाशी आले आणि काळ्या कापडावर ठेवलं. दोरा नव्हता, म्हणून ते नुसतं आडवं पडलं.

मानचिन्ह चिटणिसांना मिळालं. ते अजून बावरलेले आहेत.

१० मार्च, सोमवार

डॉक्टर सकाळी घरी आले. हिने मशीन थांबवली. गिऱ्हाईक दारात असतानाही ती थांबवत नाही, म्हणून लिहितो.

पाणी प्यायले, खाली बघत बोलले. "पंचवीस वर्षं अध्यक्ष आहे. दाखवण्यासारखं एकही नाणं माझ्याकडे नव्हतं. घरात एकच होतं, ते आईच्या गळ्यात. बाबांनी लग्नाआधी तिला दिलं होतं, भोकही त्यांनीच पाडलं. सगळ्यांना सांगत आलो, भोक पडलं की नाणं मेलं. मग ते लोकांपुढे आणणार कसं? ती आंघोळीला गेली तेव्हा काढून घेतलं. म्हटलं, तिला काय कळतंय. तिला माझं नाव आठवत नाही हो. मी कोण, तेही नाही. घोडा तेवढा आठवतो."

मग रडले. मला अशा वेळी काय करायचं ते समजत नाही, म्हणून मी विचारलं, "भरताना कुठली चांदी वापरलीत?" ही माझ्याकडे अशी बघायला लागली की मी उठून पुन्हा पाणी आणलं.

डॉक्टर म्हणाले, "ते भोक परत मोकळं करून द्याल? माझा हात धजत नाही."

१२ मार्च, बुधवार

दवाखाना आज बाहेरून बंद ठेवला होता. नाणं खुर्चीच्या डोकं टेकायच्या जागी, मऊ फडक्यात बसवलं. वरचा दिवा लावला. डॉक्टरांनी आपलं ड्रिल माझ्या हातात दिलं. काय हत्यार आहे! पेन्सिलीएवढं, आणि आवाज शिट्टीसारखा. तीन वर्षांनी हातात ड्रिल आलं होतं, तरी हात स्थिर होता. डॉक्टर दिवा धरून उभे होते, त्यांनाच घाम फुटला होता.

भरलेली चांदी कणाकणाने काढली. मूळ कडेला धक्का लागू दिला नाही, केसाएवढाही नाही. शेवटचा तुकडा निघाला आणि आत दिसलं: भोकाची एक बाजू दोऱ्याने घासून घासून खोलगट झालेली. साठ-पासष्ट वर्षांची खाच. मी ती डॉक्टरांना भिंगातून दाखवली. ते म्हणाले, "हे मी भरताना बघितलंच नाही." मी म्हणालो, "मी तुमचा घोडा बघितला नव्हता." फिटंफाट.

ही काळा दोरा घेऊन आली होती, मेण लावलेला, जाड कोटाची बटणं टाकायचा. गाठ तिने मारली. दोरा आजींच्या गळ्यात घातला. हात नेहमीसारखा गळ्याशी गेला आणि या वेळी खाली आला नाही. मग त्यांनी मान वाकवली, नाणं उचललं आणि बघत राहिल्या. आम्हा सगळ्यांना घोड्याचे पाय वर दिसत होते.

बऱ्याच वेळाने त्यांनी आमच्यावर एकेक नजर टाकली. डॉक्टरांवरून नजर सरकली, थांबली नाही. हिच्यावरूनही. माझ्यापाशी थांबली. बोट माझ्याकडे करून म्हणाल्या, "तुम्हीच ना ते? रस्त्यावर घोडे फिरत नाहीत म्हणाला होतात."

मी म्हणालो, "हो आजी. चुकलं माझं."

"मग?" म्हणाल्या, आणि शेजारी उभ्या असलेल्या डॉक्टरांचा हात धरला, जवळ जो हात होता तो. डॉक्टरांनी तो सोडवून घेतला नाही. आम्ही दोघं निघालो तेव्हाही ते तसेच वाकून उभे होते.

१३ मार्च, गुरुवार

काल घरी येताना बाजारावरून आलो. बिजागरी घेतली आणि आल्या आल्या दार बसवलं. चार भोकं, चारही सरळ.

मग वही उघडली, तर ही मशीनवरून म्हणाली, "तिला काय सांगताय? ती होती का तिथे?" आणि मशीन थांबवून, हातातलं शिवण बाजूला ठेवून म्हणाली, "पहिल्यापासून सांगा. भोकात खाच दिसली तिथपासून नको, तांब्याच्या नाण्यापासून."

सांगितलं. संध्याकाळपर्यंत सांगत होतो. त्यामुळे कालचं पान मी आज लिहिलं, आणि आजच्या पानावर लिहायला काही उरलं नाही.